फ्रेमवाल्या मामांना, सगळ्यांसमक्ष

मामा, नमस्कार.

दसरा चौकातल्या शाहू स्मारकच्या कलादालनात आम्हा चित्रकारांचं प्रदर्शन पार पडलं. उद्घाटनाला पाहुणे आले, शाली पांघरल्या गेल्या, नारळ वाटले गेले. सत्काराच्या यादीत तुमचंही नाव होतं. पुकारलं तेव्हा तुम्ही चहाला गेला होता, आणि ते मुद्दाम, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आता हे पत्र उघड्यावर लिहितोय. यातून सुटायला चहाची टपरी उपयोगी पडणार नाही.

कोल्हापुरात चित्रकारांचा तोटा कधीच नव्हता. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, चंद्रकांत मांडरे ही नावं आम्ही परवच्यासारखी म्हणतो. दळवीज आणि कलानिकेतन या इथल्या चित्रकलेच्या संस्थांमधून दरवर्षी पोरं बाहेर पडतात, आणि त्यातली निम्मी माझ्यासारखी तालुक्याला ड्रॉईंग मास्तर होऊन एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवत राहतात. सुट्टीत चित्रं काढतात, ती ट्रंकेत जातात. मुंबईच्या जहांगीरला दालन मिळायला किती वाट बघावी लागते, हे विचारायच्याही फंदात कुणी पडत नाही. आम्ही गडहिंग्लज, कागल, भुदरगडकडच्या लोकांनी ठरवलं, की आपलं आपण कोल्हापुरातच लावू. चित्रं होती, दालन मिळालं. मधलं काम कुणाचं, याचा विचार मात्र कुणी केला नव्हता. ते काम तुमचं निघालं.

आपले आश्रयदाते शाहू महाराज १९२२ साली गेल्यावर आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, ही गोष्ट आम्ही तुमच्या दुकानात फार रंगवून सांगत होतो. तुम्ही माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापता कापता मान वर न करता म्हणालात, “पाण्यात गेली ती चारचौघांना म्हायती हाईत. पाठीला रद्दी पुठ्ठा लावून किती गेली, त्येचं कोण बोलत न्हाई.” आणि एका सरांनी पूर्वी कुठूनतरी करून आणलेली फ्रेम उलटी करून उघडून दाखवलीत. राखी पुठ्ठ्याचा तपकिरी डाग जलरंगातल्या आभाळापर्यंत चढला होता. वर्तमानपत्राची अक्षरं कागदाच्या पाठीवर उमटली होती. आमच्या पावसाळ्यात कागदावर तांबूस ठिपके पडतात ते वेगळेच.

त्या दिवसापासून तुमचं राज्य सुरू झालं. फेविकॉल बंद. चित्राच्या फक्त वरच्या कडेला खळीनं दोन कागदी पट्ट्या, बाकी कागद मोकळा, म्हणजे दमट हवेत तो फुगला तरी सुरकुतणार नाही. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटची जाडी हवीच. सोनेरी नक्षीची पट्टी मागणाऱ्यांना तुम्ही सरळ सांगितलंत, “ती लग्नाच्या फोटूला.”

पावडर शेडिंगच्या चित्रांची गोष्ट तर लिहायलाच हवी. मांडरेंमुळे ही पद्धत आमच्याकडे घरोघर पोचली. पावडर कापसानं, चिंधीनं घासत छटा चढवायच्या आणि खोडरबरानं उजेड काढायचा. ही चित्रं फार हळवी. वजन कमी म्हणून आमच्यातल्या तरुण पोरांनी काचेऐवजी ॲक्रिलिकची मागणी केली. तुम्ही एक तुकडा फडक्यानं पुसलात आणि सांडलेल्या पावडरीवर धरलात. पावडर उडून त्याला चिकटली. वाद तिथंच संपला. विज्ञानाच्या मास्तरांनी स्थिर विद्युत म्हणून समजावून सांगितलं, पण ते नंतर.

पैशाचं म्हणाल तर तुम्ही आमची लाज राखलीत. आमच्यातले बहुतेक जण अर्ध्या इम्पिरियलवर, म्हणजे १५ बाय २२ इंचावर काम करतात, हे तुम्ही आमच्याआधी हेरलंत. सगळ्या फ्रेमा एका मापाच्या केल्यात आणि मागं खिळे न ठोकता पत्र्याच्या फिरत्या पट्ट्या बसवल्यात. चित्र काढा, दुसरं घाला. फ्रेम आता एका माणसाची राहिली नाही, सगळ्या मंडळाची झाली. एरवी फ्रेमिंगचा खर्च ऐकूनच निम्मे जण गळाले असते.

एका दिवंगत कलाशिक्षकांची पेन्सिलची रेखाटनं त्यांच्या घरच्यांनी पिशवीतून आणून दिली होती. एकाच्या मागं त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, कुठलं गुऱ्हाळ, कुठला महिना, आणि काहिलीपाशी बसलेल्या माणसाचं नाव. आम्ही कुणी पाठ बघितलीच नव्हती, तुम्ही बघितलीत. पाठपुठ्ठ्याला तेवढीच खिडकी कापून त्यावर पारदर्शक कागद लावलात. त्यांच्या मुलीनं प्रदर्शनात ती फ्रेम उलटी करून घेतली आणि तिथंच उभ्या उभ्या वाचली. तिनं तुमचा पत्ता मागितलाय. मी दिलाय, रागावू नका.

मांडणीवरून आपलं वाजलं, तेही सांगून टाकतो. दारातच पंचगंगेचा घाट आणि रंकाळा लावायचा आमचा बेत होता, कारण ते लोकांना आवडतं. तुम्ही म्हणालात, “घाट बघायला मान्सं घाटावर जातील, मास्तर.” आणि दारात लावलीत ती ऊसतोडीच्या टोळीची छोटी रेखाटनं. मला अजूनही वाटतं, घाटाचं एखादं तरी पुढं चाललं असतं. पण माणसं दारातच थांबत होती, चित्राला नाक लावून बघत होती, हे कबूल करायला हवं. प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर, लहान असो की मोठं. दोरा ताणून, लेव्हल लावून रात्रभर तुम्ही आणि तुमचा पोरगा ते करत होता. ट्यूबचा उजेड काचेत पडतोय म्हटल्यावर फ्रेमा वरच्या बाजूनं जराशा पुढं झुकवल्यात. विद्यार्थ्याचं पहिलं चित्र आणि नावाजलेल्या सरांचं चित्र, दोन्हींना पट्टी तीच आणि उंचीही तीच.

विक्री बेताची झाली. त्यातून तुमच्या बिलाचा मोठा हिस्सा फिटतोय, उरलेलं दिवाळीआधी पोचवतो. नको म्हणू नका. उधारी ठेवून पुढचं काम मागायला आम्हालाच जड जाईल.

आणि पुढचं काम आहेच. याच फ्रेमांत नवी चित्रं घालून गडहिंग्लजला शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन लावायचं ठरतंय. त्याआधी एक दिवस या आणि आमच्या नववीच्या पोरांना माउंट कापायला शिकवा. कटर आणि पट्टी तुमची आणा, शाळेच्या पट्ट्या सगळ्या वाकड्या आहेत. जेवण माझ्या घरी. या खेपेला सत्कार ठेवणार नाही, शब्द देतो.

तुमचा,
गडहिंग्लजचा ड्रॉईंग मास्तर
आणि मंडळातले सगळे