छायाचित्रातली टर्की रानातली नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या बंदूकवेडावर आलेला लेख वाचला. शाळांमधल्या गोळीबाराबद्दल लेखकाने जे लिहिलंय त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. इथे मूल शाळेत पाठवणाऱ्या आईबापांच्या पोटात तो गोळा कायम असतोच. पण त्याच लेखात पुढे ‘थँक्सगिव्हिंगच्या ताटासाठी कोवळ्या पोरांकडून पक्षी मारवून घेणारे आईबाप’ आले आणि शेजारी एका पांढऱ्याशुभ्र टर्कीचं छायाचित्र. मी विस्कॉन्सिनमध्ये राहते, जनावरांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत नोकरी करते आणि दर वसंतात माझ्या बारा वर्षांच्या लेकीला घेऊन टर्कीच्या शिकारीला जाते. लेखातले आईबाप म्हणजे थोडक्यात मीच. तेव्हा उत्तर देणं आलं.

आधी छायाचित्राबद्दल. तो पांढरा पक्षी पोल्ट्रीतला. छातीचं मांस वाढावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडून असा जड केलेला, की त्याला धड उडताही येत नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरोघरी शिजतो तो हाच, दुकानातून आणलेला. रानटर्की जातीने तीच असली तरी काळपट तांबूस असते, उन्हात पिसांवर हिरवी-तांबडी झाक मारते आणि रात्री उंच ओकच्या फांदीवर झोपते. मुलांना घेऊन आम्ही जातो तो हंगाम बहुतेक एप्रिल-मेमधला, नरांच्या माजाचा. थँक्सगिव्हिंग येतं नोव्हेंबरात. कॅलेंडर उघडलं असतं तरी लेखातलं ते वाक्य टळलं असतं.

लेखाचा सूर असा, की उरलेसुरले पक्षीही ही मंडळी संपवणार. आमच्या राज्यात ते एकदा खरोखरच संपले होते. ओकची जंगलं तोडली गेली, शिकारीला धरबंध नव्हता, आणि 1881 च्या सुमारास विस्कॉन्सिनमधली शेवटची रानटर्की गेली. पुढे पोल्ट्रीत वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, ते टिकले नाहीत. ससाण्याची सावली पडली की गवतात दबून बसायचं, हे पिल्लांना रानातली आईच शिकवते. इन्क्युबेटर कुठून शिकवणार? शेवटी 1976 साली मिसूरी राज्याने जाळ्यात पकडलेल्या अस्सल रानटर्क्या दिल्या, बदल्यात आमच्याकडून रफ्ड ग्राउस नावाचे रानपक्षी घेतले, आणि त्या टर्क्या व्हर्नन काउंटीच्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) टेकड्यांत सोडल्या गेल्या. 1983 मध्ये पहिला शिकारीचा हंगाम झाला. आज राज्याच्या 72 ही काउंट्यांमध्ये टर्की आहे. आम्ही जातो ते रान त्याच व्हर्नन काउंटीतलं.

यासाठी पैसा कुठून आला, हेही लेखकाने विचारायला हवं होतं. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार शिकारीच्या लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर 11 टक्के केंद्रीय कर लागतो आणि तो राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतो. शिवाय आम्ही दरवर्षी शिकारीसाठी टर्कीचा स्टॅम्प, म्हणजे एक प्रकारचं शुल्क, विकत घेतो, त्याचे पैसे या पक्ष्यासाठीच खर्च होतात. शिकारी सगळे साधुसंत आहेत असं मी म्हणत नाही. आमच्याच वाटेवर बिअरचे रिकामे डबे टाकणारे महाभागही असतात. पण पक्षी परत आणण्याच्या खर्चातला मोठा वाटा याच लोकांच्या खिशातून गेला, हे लपवून हा विषय पुरा होत नाही.

आता ‘पोरांच्या हाती बंदूक’. इथे मेंटर्ड परवाना नावाचा प्रकार आहे. शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स न झालेल्या मुलाबरोबर परवानाधारक प्रौढ माणूस लागतो आणि त्याने मुलापासून हाताच्या अंतरावरच राहायचं असतं. हाताचं अंतर म्हणजे हात लांबवला की नळी धरता आली पाहिजे इतकं. मला स्वतःला बंदुकीचं काडीचं ज्ञान नव्हतं, म्हणून आधी मी कोर्स केला, पुढे लेकीने केला. आता तिचा कोर्स झाल्यामुळे कायद्याने मी नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असले तरी चालतं, पण आम्ही ते हाताचं अंतर सोडलेलं नाही.

कोर्समध्ये ‘टॅब-के’ नावाचे चार नियम घोकून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, नळी कायम सुरक्षित दिशेला, नेम कशावर धरलाय आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री, आणि झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर. घरात झाडूचा दांडा जरी हातात असला तरी लेक बोट बाहेर ठेवते. तिच्या वडिलांना याचं हसू येतं, मला येत नाही.

प्रत्यक्ष शिकारीत बंदुकीचं काम फार थोडं असतं. पहाटे साडेतीनला उठायचं. कपड्यांवर गोचिडांचं औषध आधीच मारून ठेवलेलं असतं, कारण या भागात लाइम रोगाची खरी भीती आहे. घरी परतल्यावर कानामागे, केसांत, काखेत गोचीड शोधणं हा वेगळाच कार्यक्रम. जमीन एका निवृत्त डेअरीवाल्या शेतकऱ्याची, त्याची परवानगी घेतलेली. बदल्यात मार्चमध्ये आम्ही त्याच्या कुंपणाची तार ओढायला जातो. अंधारात टॉर्च खाली धरून चढायचं आणि आपल्या खांद्यांहून रुंद बुंधा शोधून त्याला पाठ टेकायची, म्हणजे मागून दुसरा शिकारी आला तरी आडोसा राहतो. लेक माझ्या दोन पायांच्या मध्ये बसते, बंदूक तिच्या गुडघ्यावर. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत पक्ष्यावर बार टाकणं बेकायदा, त्यामुळे घड्याळ बघत बसणं आलं.

अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, रुमालसुद्धा. माजावर आलेल्या नराच्या डोक्याचे रंग हेच असतात, आणि झाडीत हललेला लाल रुमाल म्हणजे टर्कीचं डोकं असं एखाद्या उतावळ्याला वाटायला क्षणही पुरतो. हे डोकं आपल्याकडे पूर्वीच एकाने नीट पाहून ठेवलंय. 1612 साली गोव्याहून जहांगीरच्या दरबारी टर्की पोचली तेव्हा तिचं डोकं घडीत पोवळ्यासारखं लाल, घडीत कापसासारखं पांढरं, तर कधी निळसर होतं, सरड्यासारखे रंग बदलतं, असं त्याने आठवणींत नोंदवलं आणि उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. आमच्या कोर्सच्या मास्तरांनी लाल रुमालाबद्दल जे सांगितलं, त्यामागचं निरीक्षण नेमकं हेच.

एका सकाळी लेकीने स्लेट कॉलवर काडी घासून मादीचा आवाज काढला आणि खालच्या घळीतून नराने उत्तर दिलं. तो वर यायला बराच वेळ लागला. पंख जमिनीला घासत, शेपटीचा पंखा उभारून, दोन पावलं चालायचा आणि थांबायचा. छातीतून येणारा ढोलासारखा घुमारा कानांपेक्षा पोटाला जास्त जाणवत होता. तीस पावलांच्या आत आला. यापेक्षा लांब बार टाकायचा नाही हे आमचं ठरलेलं, कारण कागदावर छर्रे मारून पाहिले तेव्हा तिच्या वीस गेजच्या बंदुकीचे छर्रे त्यापुढे विखुरत होते. तिचा अंगठा बंदुकीच्या सेफ्टीच्या खटक्यावर गेला, तिथेच राहिला आणि मागे आला. मला काही कळेना. नर हलला तेव्हा त्याच्या बरोब्बर मागे, त्याच रेषेत, एक मादी दाणे टिपताना दिसली. इथल्या वसंतातल्या हंगामात नर किंवा छातीला केसांची दाढी असलेला पक्षीच मारता येतो आणि या मादीला दाढी नव्हती. दोघं रमतगमत निघून गेले. लेक एवढंच म्हणाली, “आई, पायाला मुंग्या आल्यात, जरा सरक.”

पुढे एकदा तिने नर टिपला. छर्रे मानेत बसले की पक्षी तिथेच कोसळतो, पण पंख बराच वेळ फडफडत राहतात. ती ते बघत उभी राहिली, मीही तिला दुसरीकडे बघ म्हटलं नाही. नियमाप्रमाणे नोंदणी केली. घरी साफ करताना तिला पोत्यासारखी गळ्याची पिशवी सापडली. ती चिरून तिने आतला माल वर्तमानपत्रावर मांडला: गेल्या वर्षीच्या मक्याचे दाणे, क्लोव्हरची हिरवी पानं, एक गोगलगाय आणि चमकता काळा भुंगेरा, अजून अख्खा. तास-दीड तास तिचं वर्गीकरण चाललं होतं. मांडीचं मांस भयंकर चिवट असतं, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर दुपारभर ठेवावं लागतं. छातीचे तुकडे मात्र झटपट होतात. खायचं नसेल तर मारायचं नाही ही अट माझी, राज्याची नव्हे.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ती बंदच राहावी. तिथली रानं, माणसांची दाटी, सगळंच निराळं. इथलं तिथे करा असं सुचवण्यासाठी हे लिहीत नाही.

लेखकाला या शिकारीवरच टीका करायची असेल तर जागा भरपूर आहेत. आमच्या विधिमंडळाने 2017 मध्ये मेंटर्ड परवान्याची किमान वयाची अट काढून टाकली, आधी ती 10 वर्षं होती. लगेच पाळण्यातल्या बाळांच्या नावानेही परवाने निघाले, तशा बातम्या इथे आल्या होत्या. वर्षाच्या बाळाचा परवाना कशाला, तर भिंतीवर चौकटीत लावायला! माझ्या मते हा शुद्ध वेडगळपणा आहे आणि मी माझ्या प्रतिनिधीला तसं लिहिलंही होतं. दुसरं, 14 वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागेल अशी भरलेली बंदूक घरात ठेवली तरी आमच्या राज्याचा कायदा जागा होतो तो मुलाने ती घेऊन काही केल्यानंतर. आमची बंदूक तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कपाटात, दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. पण हे मी ठरवलं म्हणून. शेजाऱ्याकडे काय आहे मला माहीत नाही, आणि लेक त्याच्या मुलीकडे खेळायला जाते. आमच्या ओळखीत मुलाला खेळायला पाठवण्याआधी ‘तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलपात आहे का’ असं तोंडावर विचारणारे जे थोडे पालक आहेत, त्यातले बहुतेक शिकारी आहेत. शाळेतल्या गोळीबाराचा धागा या कुलपांपाशी जाऊन भिडतो. पहाटे लेकीच्या हाताच्या अंतरावर बसणाऱ्या आईपाशी नव्हे.

पत्र मोठं झालं, जागेअभावी कापायचं झाल्यास स्वयंपाकाचा भाग कापावा. छायाचित्राबद्दलचा खुलासा मात्र कृपया छापावा.

आपली,
एक वाचक, विस्कॉन्सिन, अमेरिका