हॅरिसनची पहिली सोलो रेकॉर्ड आणि आपला फोर्ट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला ‘बीटल्स’ या इंग्लिश बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याच्यावरचा लेख वाचला. मनापासून आवडला, पण त्यात एक गोष्ट राहून गेली, आणि ती नेमकी मुंबईची असल्याने लिहिल्यावाचून राहवले नाही.

बीटल्स फुटल्यावर 1970 साली ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या एलपीने (मोठ्या रेकॉर्डने) त्याची स्वतंत्र वाटचाल सुरू झाली, असे लेखात म्हटले आहे. पण त्याच्या नावावरची ‘वंडरवॉल म्युझिक’ ही एलपी नोव्हेंबर 1968 मध्येच आली होती, आणि तिचा मोठा भाग त्या जानेवारीत फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला होता.

स्टुडिओत तेव्हा सगळा आवाज एकाच ट्रॅकवर टिपणारे मोनो यंत्र होते. हॅरिसनसाठी दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवले गेले. आवाज अडवायची सोय नव्हती, त्यामुळे टॅक्स्यांचा आवाज आत यायचा. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावर पावलांचा असा दणदणाट व्हायचा, की ध्वनिमुद्रण थांबवावे लागे. हे हॅरिसननेच सांगून ठेवले आहे. मी फोर्टात 30 वर्षे नोकरी केली. तो साडेपाचचा जिना, लोकल गाठायची ती घाई माझ्या अंगवळणी पडलेली. म्हणून ही रेकॉर्ड मला परक्या देशातली वाटतच नाही.

त्याच्या कारकिर्दीत या दिवसांना फार मोल आहे, असे माझे ठाम मत आहे. बँडमध्ये लेनन-मॅकार्टनी यांच्या गाण्यांपुढे त्याच्या वाट्याला एका एलपीत बहुधा एक-दोनच गाणी यायची. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हे गाणेही त्याने 1969 च्या जानेवारीत बँडपुढे ठेवले होते, ते तसेच पडून राहिले. मुंबईत मात्र चाल त्याची, वादकांना सांगणाराही तोच. त्याच मुक्कामात वाजवून घेतलेल्या साथीवर पुढे लंडनमध्ये ‘द इनर लाईट’ हे गाणे झाले आणि 1968 च्या मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’ या सिंगलच्या (दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या) मागच्या बाजूवर आले. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनचे गाणे येण्याची ती पहिलीच वेळ.

‘वंडरवॉल म्युझिक’च्या एलपीवर वादकांची नावे आहेत. सरोदला आशिष खाँ, संतूरला शिवकुमार शर्मा. या दोघांबद्दल भरपूर लिहिले गेले. पण बासरीला एस. आर. केंकरे, तारशहनाईला विनायक व्होरा, हार्मोनियमला रिजराम देसाद हीही नावे तिथेच आहेत, आणि त्यांच्याविषयी मराठीत माझ्या वाचनात एक ओळही आलेली नाही. ही मंडळी स्टुडिओत वेळेवर हजर राहून, समोर ठेवलेले काम चोख वाजवून घरी जाणारी. त्यांच्यासोबत वाजवलेले किंवा त्यांच्या घरचे कुणी मुंबईत असतील, तर आपल्या वार्ताहराने त्यांना गाठून सविस्तर लिहावे, ही कळकळीची विनंती. पुरवणीत एक पान तरी द्या.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)