ताई, काय बघायचं नाही तेही तुम्ही सांगितलंत

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

आमच्या डिस्ने वर्ल्डच्या सहलीत केलेल्या मदतीबद्दल फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणता आणि लगेच लेकाच्या शाळेवर येता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. इथे मला मध्येच थांबवायची सोय नाही.

सासू-सासरे मिरजेहून अटलांटाला येणार आणि त्यांना ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड दाखवायचं ठरलं, तेव्हापासून घरात सल्ल्यांचा पाऊस चालू होता. एका ओळखीच्यांनी तर एक्सेलची फाइल पाठवली. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, जेवायलाही धड जागा नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, "एवढ्या लांबून येतायत, तर चारही पार्क उरकून घ्या." आणि पसारा केवढा! चाळीसेक चौरस मैल जागा. चार पार्कांतलं सगळ्यांत जुनं मॅजिक किंगडम 1971 सालचं, सगळ्यांत नवं अ‍ॅनिमल किंगडम 1998 सालचं, आणि एकेका पार्कात अख्खा दिवस जातो.

तुम्ही राइडचं नावही काढलं नाहीत. "आईंना कितपत चालवतं? बाबा कशात नोकरीला होते? पोराची उंची किती?" एवढंच विचारलंत. मी उंची अंदाजे सांगितली, तर म्हणालात, "अंदाज नको, दाराच्या चौकटीला उभं करून मोज." एकोणचाळीस इंच भरली. म्हणजे सात बुटक्यांच्या खाणीतली गाडी चालेल, तिला अडतीस लागतात. स्पेस माउंटन या अंधारातल्या रोलर कोस्टरला चव्वेचाळीस लागतात, तेव्हा त्याचं नाव पोरासमोर काढायचंच नाही. त्याच फोनवर तुम्ही रायडर स्विच समजावलंत. एकजण पोराजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिल्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. आम्ही दोघंही स्पेस माउंटनला जाऊन आलो, पोराला पत्ता नाही.

मग तुम्ही कात्री चालवलीत. चार पार्कांतलं एपकॉट काढलं, हॉलिवूड स्टुडिओज काढलं. यांना वाईट वाटलं, कारण एपकॉट त्यांच्या मनात होतं. तुम्ही म्हणालात, "तू पुन्हा जाशील. आई-बाबा पुन्हा येतील का ते बघ." त्यावर हे गप्पच बसले.

राहायचं डिस्नेच्याच एखाद्या स्वस्तातल्या हॉटेलात, हेही तुमचंच. बाहेरच्या हॉटेलपेक्षा ते महागच पडलं, हिशेब मी दोनदा करून पाहिला. पण आपल्या गाडीने गेलं तर मॅजिक किंगडमच्या पार्किंगपासून दार लांबच लांब, मधे मोनोरेल नाहीतर तळ्यातली फेरीबोट. हॉटेलची बस थेट दाराशी सोडते आणि पार्क अर्धा तास आधी उघडं मिळतं. सासूबाईंच्या गुडघ्यांच्या मानाने ते पैसे वसूल झाले.

व्हीलचेअरचा विषय मी काढला असता तर घरात महाभारत झालं असतं. "मी काय पांगळी झालेय?" हे वाक्य तयारच होतं. तुम्ही त्यांना फोनवर घेतलंत आणि म्हणालात, "तुम्ही बसू नका हो. पिशव्या ठेवायला घ्या, पोरांचे खांदे मोडतात." दुपारी बारापर्यंत खुर्चीत पिशव्या होत्या. बारानंतर सासूबाई होत्या आणि पिशव्या त्यांच्या मांडीवर. पीपलमूव्हर नावाच्या संथ गाडीत बसायला सरकत्या पट्ट्यावर पाय टाकावा लागतो, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. तिकडे त्यांना नेलंच नाही.

बाबांसाठी मात्र तुम्ही जे शोधलंत, त्याला तोड नाही. मॅजिक किंगडमला फेरी मारणारी वाफेची रेल्वे आम्ही एरवी "बसायला बरी" म्हणून शेवटी ठेवली असती. तिची चारही इंजिनं फिलाडेल्फियाच्या बॉल्डविन कारखान्यात 1916 ते 1928 या काळात बनलेली, पुढे मेक्सिकोत युकातानमध्ये धावलेली आणि तिथून डिस्नेने आणलेली, हे तुम्ही बाबांना आधीच सांगून ठेवलंत. रेल्वेत जन्म गेलेला माणूस. फलाटावर वाकून रूळ बघत राहिले आणि म्हणाले, "नॅरोगेजच, पण आपल्या बार्शी लाइनपेक्षा रुंद." खरंच की! इथे तीन फूट, मिरज-कुर्डुवाडीला अडीच फूट होती. इंजिनाजवळच्या माणसाशी ते मोडक्या इंग्रजीत किती वेळ बोलत होते! दोघांचे हात मात्र सारखेच हलत होते. त्यांना घेऊन आम्ही दुसऱ्यांदा चक्कर मारली.

फ्लोरिडातला उन्हाळी पाऊस तुम्ही बजावल्याप्रमाणे दुपारी आलाच. वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड बंद होतात. माणसं दुकानांत घुसली, आम्ही कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस या फिरत्या नाट्यगृहात जाऊन बसलो. एसी आणि वीसेक मिनिटं बूड टेकायला खुर्ची. 1964 च्या न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेला खेळ, आता जुनाट वाटतो. सासूबाईंना त्यातलं जुनं स्वयंपाकघर फार आवडलं.

खाण्याचं तर विचारूच नका. घरचं नेता येतं, काच तेवढी नको, हे कळल्यावर सासूबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या आणि लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत भरलं. काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, हे तुमच्याशिवाय कुणी सांगितलं नव्हतं.

लायटनिंग लेनचे, म्हणजे राइडच्या छोट्या रांगेचे, पैसे तुमच्या म्हणण्याप्रमाणे फक्त मॅजिक किंगडमच्या दिवशी भरले. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी वेळा धरता येतात, बाकीच्यांना तीन. अ‍ॅनिमल किंगडममध्ये सकाळी सफारी उरकली की पुढे गरज पडत नाही, हे पटलं. तिथल्या आनंदपूर नावाच्या खोट्या गावात सासूबाई हिंदी पाट्या मोठ्याने वाचत चालल्या होत्या आणि वाघ बघून म्हणाल्या, "हा आपलाच दिसतोय."

तुमचं एकच ऐकलं नाही. रात्रीच्या आतषबाजीला थांबू नका म्हणाला होतात. आम्ही थांबलो. परतताना बसच्या रांगेत तुम्ही सांगितलेली गर्दी भेटली, पोर खांद्यावर झोपलं. तरी पुन्हा गेले तर पुन्हा थांबेन, रागावू नका.

आता एक विचारायचंय. पुढच्या उन्हाळ्यात माझी नणंद येतेय. तिची मुलं तेरा-चौदा वर्षांची, आणि एक्सेलवाली फाइल तिच्याकडे आधीच पोचलीये. तिला तुमचा नंबर देऊ का? रविवारी सकाळी फोन केला तर चालेल ना?

तुमची,
अटलांटाची धाकटी बहीण