कोयता दोन टक्क्यांत बसत नाही

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ, अर्थात सेबी,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

विषय: म्युच्युअल फंडांचा पैसा आणि ऊसतोडीतली वेठबिगारी

महोदय,

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात म्युच्युअल फंड विकते. आपल्याच नियमांप्रमाणे परीक्षा देऊन नोंदणी घेतलेली वितरक आहे. माझ्याकडे शिक्षक आहेत, एसटीतले वाहक आहेत, किराणा दुकानदार आहेत, दोन डॉक्टर आहेत आणि एक मुकादम आहे. ऊसतोडीचा मुकादम, म्हणजे कारखान्यासाठी तोडणी मजुरांच्या टोळ्या जमवणारा. त्याची एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरायची योजना, पाच हजारांची आहे आणि तिचा हप्ता कधी चुकत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका अर्जावर त्याची सही घ्यायला घरी गेले, तेव्हा ओसरीवर उचलीचं, म्हणजे हंगामाआधी मजुरांना द्यायच्या आगाऊ रकमेचं, वाटप चाललं होतं. प्लॅस्टिकच्या टेबलावर शंभर पानी वही. एका पानावर एक जोडी. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या पानावर पहिली ओळ होती, ‘मागची बाकी २७,०००’. त्याखाली ‘नवी उचल ७०,०००’. त्यानं अंगठा दिला, शाई डोक्याला पुसली, नोटा मोजल्या. त्याची बायको पायरीखाली चपला घालूनच उभी होती. तिची सही कुणी मागितली नाही. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, पण वहीत नाव एकाचंच आणि कर्ज दोघांवर.

माझे आईवडील अशाच एका पानावर बारा वर्षं होते.

महोदय, आपण आकड्यांची माणसं आहात, म्हणून हिशेबच मांडते. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला ३६६ रुपये झाला. पहाटे तीन-चारला फडात उतरलेली जोडी दिवसभरात दोन टन तोडते असं धरू. म्हणजे दोघांचे मिळून ७३२ रुपये. एक लाखाची उचल फेडायला एकही खाडा न करता १३७ दिवस लागतात. गाळप शंभर दिवसांत आटोपलं तर फिटतात ७३,२०० आणि अंगावर राहतात २६,८००. वहीतली ती पहिली ओळ अशी तयार होते. कुणी व्यसनी म्हणून नाही, कुणी आळशी म्हणून नाही. बाळंतपण आलं, ताप आला, पाळी आली म्हणून सुट्टी घेतली, तर खाड्याचा दंड वेगळा. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न उघड झाला, शासनाच्या समितीनं ८२,३०९ बायकांची पाहणी केली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. एवढ्या बायका तिथपर्यंत का पोचतात, हे समजायला ही वही वाचता आली पाहिजे.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात याची व्याख्या स्पष्ट आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसानं श्रम द्यायचे आणि दुसरीकडे काम शोधण्याचं किंवा मोकळेपणानं जाण्या-येण्याचं स्वातंत्र्य गमवायचं, ही वेठबिगारी. एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यापुढे जाऊन सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हेही राज्यघटनेच्या कलम २३ खाली सक्तीचं श्रम ठरतं. उचल फिटेपर्यंत टोळी सोडून जाता येत नाही. गेलं तर माणसाला गावातून उचलून आणतात. हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे.

आता यात सेबीचा काय संबंध, असं आपल्याला वाटेल. महाराष्ट्रातले बरेच साखर कारखाने सहकारी आहेत, ते शेअर बाजारात नाहीत. पण त्यांची साखर शीतपेय, बिस्किट आणि चॉकलेटच्या कंपन्या घेतात. त्यांचं इथेनॉल तेल कंपन्या घेतात. आणि वहीतल्या त्या ७० हजारांचा उगम बऱ्याचदा बँकेत असतो. तोडणी-वाहतूक ठेकेदाराच्या नावे, कारखान्याच्या हमीवर बँक कर्ज देते, तो पैसा मुकादमाकडे येतो आणि मुकादमाकडून कोयत्याला. या बँका, तेल कंपन्या, खाद्यपदार्थांच्या कंपन्या माझ्या जवळपास प्रत्येक गुंतवणूकदाराच्या फंडात आहेत. देशभरातून एसआयपीचे २६,००० कोटींहून अधिक रुपये एका महिन्यात फंडांत पहिल्यांदा आले, ते डिसेंबर २०२४ मध्ये. त्यात केजच्या शिक्षकाचेही आहेत आणि ज्यांच्या पोरांना तो शिकवतो, त्यांच्या घामातून त्या पैशाला परतावा मिळतो.

मुकादमाला शिव्या घालून हे सुटणार नाही. टोळी पळाली तर कर्जाची वसुली त्याच्या दारात येते, जमीन त्याची जाते. तो या साखळीतला शेवटून दुसरा माणूस आहे, पहिला नाही.

आपल्या मंडळानं मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला, त्यात मानवी हक्कांचं स्वतंत्र प्रकरण ठेवलं, सक्तीच्या श्रमाबद्दल विचारलं. ते वाचून मला खरंच आनंद झाला होता. त्यानंतर पुरवठादारांची माहितीही येणार होती. मार्च २०२५ च्या परिपत्रकानं ती सर्वांत मोठ्या २५० कंपन्यांसाठी एक वर्ष पुढे ढकलली आणि ऐच्छिक केली. वर नियम असा की ज्याच्याकडून एकूण खरेदीच्या किमान दोन टक्के माल येतो, तोच पुरवठादार मोजायचा.

हे दोन टक्के मला झोपू देत नाहीत. साखर कारखाना ऊस घेतो हजारो शेतकऱ्यांकडून. त्यातला एक शेतकरी दोन टक्के कधी होईल? शीतपेयाची कंपनी साखर घेते अनेक कारखान्यांकडून. त्यातला एखादा दोन टक्क्यांत आलाच, तर तो सांगणार की तोडणी मजूर आमचे कामगार नाहीत, ते मुकादमाचे. कागदावर ते खरंच आहे. म्हणजे किमतीच्या चाळणीतून सगळ्यात आधी खाली पडतो तो कोयता, कारण त्याची किंमतच सगळ्यात कमी लावलेली आहे. धोका जिथं सर्वांत जास्त, तिथंच नजर पोचू नये अशी ही रचना झाली आहे. मुद्दाम झाली असं मी म्हणत नाही. पण झाली आहे.

ऊस, वीटभट्टी, कापूस बियाणं, बांधकाम, अशा जिथं उचल देऊन मजूर नेतात त्या धंद्यांसाठी दोन टक्क्यांची अट काढून टाका आणि माहिती सक्तीची करा. कंपनीला फार विचारायचं नाही. उचलीचा करार लेखी आहे का, त्याची प्रत मजुराकडे आहे का, नवरा आणि बायको दोघांची नावं त्यावर आहेत का, टनाच्या पावत्या त्यांना मिळतात का, मागची बाकी पुढच्या हंगामात ओढली जाते का. एवढ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली तरी बीडचं निम्मं दुखणं कळेल.

फंड घराण्यांनाही मोकळं सोडू नका. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्यानं ठरावीक उलाढालीवरच्या कंपन्यांना, गुंतवणूक कंपन्यांनाही, आपल्या कारभारात आणि पुरवठा साखळीत गुलामगिरी राहू नये म्हणून वर्षभरात काय केलं ते लिहून, संचालक मंडळाची मंजुरी आणि संचालकाची सही घेऊन जाहीर करावं लागतं. ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये असाच कायदा केला. त्यातली बरीच निवेदनं गुळगुळीत असतात, हेही मी वाचलं आहे. तरी सही करणाऱ्याला निदान एकदा विचारावं लागतं. आपल्याकडे फंडांनी कंपन्यांवर देखरेख ठेवावी, त्यांच्याशी बोलावं, मत द्यावं ही संहिता जुलै २०२० पासून लागू आहेच. त्या देखरेखीत वेठबिगारीचा प्रश्न नावानिशी घाला. आणि सुरुवात स्वतःच्या इमारतीपासून होऊ दे. दारावरचा सुरक्षारक्षक बारा तास उभा असतो, त्याचं ओळखपत्र आणि पहिला पगार ठेकेदारानं अडकवून ठेवलाय का, हे फंड घराण्याला लिफ्टपाशीच विचारता येईल.

कंपन्यांचे शेअर विकून मोकळं व्हावं, असं मात्र मी म्हणणार नाही. फंड बाहेर पडला की विचारणारा गेला आणि वही तशीच राहिली. पैसा आत ठेवून प्रश्न विचारायला हवेत, दरवर्षी, उत्तर मिळेपर्यंत.

माझ्या आईचे दोन्ही तळवे अजून उघडत नाहीत पुरते. कोयत्याच्या मुठीवर बोटं वळलेली आहेत, तशीच राहिली. तिच्या नावाची एसआयपी मी दोन वर्षांपूर्वी सुरू केली. अर्जावर तिनं सही केली, अंगठा दिला नाही, साक्षरता वर्गात शिकलेली सही. योजनेची कागदपत्रं तिला वाचून दाखवली तेव्हा तिनं विचारलं, “ह्यात कारखान्याचे पैसे हायत का?” मी म्हटलं, थोडे असतील. ती म्हणाली, “मंग त्यांला इचार की, बाकी कधी मिटवणार.”

मी विचारू शकत नाही, महोदय. फंडाला मी पाठवलेल्या ईमेलला छापील उत्तर आलं. आपण विचारलंत तर त्यांना उत्तर द्यावं लागेल. आमच्याकडे उचलीचं वाटप पावसाळ्यात सुरू होतं आणि दसरा झाला की टोळ्या निघतात. परिपत्रक त्याआधी निघावं, एवढी विनंती आहे.

आपली,
एक म्युच्युअल फंड वितरक
केज, जि. बीड