छंदाची गाडी लावायची कुठं?

संपादक साहेब,
पार्किंगच्या भांडणांवर सगळेच लिहितात, आम्हा कॅम्पर व्हॅनवाल्यांचं (आत झोपायची-राहायची सोय केलेली फिरायची गाडी) कुणी बोलत नाही. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आरटीओकडून बदल रीतसर पास करून घेतले, टॅक्स भरला, तरी सोसायटीतले शेजारी म्हणतात ही बस आहे बाहेर काढा, आणि बाहेर रस्त्याला लावली की महापालिकेचा माणूस नोटीस चिकटवून जातो, मग जायचं कुठं? एक स्लॉट साधारण अडीच बाय पाच मीटर, त्यात ती मावत नाही हे खरंय, तळमजल्यावरच्या आजोबांचं ऊन अडतं हेही खरंय (त्यांच्याशी आमचं भांडण नाहीच). पण गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे नमुना नियमांनुसार) पार्किंगचं धोरण सर्वसाधारण सभेनं ठरवायचं असतं, सेक्रेटरीनं व्हॉट्सअ‍ॅपवर नाही! दोन स्लॉटचे पैसे घ्या, पण विषय सभेपुढे ठेवा. आणि महापालिकेनं लांब गाड्यांसाठी महिन्याच्या भाड्यानं जागा द्यावी, आम्ही भरायला तयार आहोत.
— एक वाचक, पुणे