आप्पांच्या चाकूचं पाणी

खानापूर,
आषाढ

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे. मोतीबिंदू काढला, दिसायला लागलंय. हिचा गुडघा पावसात ठणकतो, एवढंच. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच वहिनींना हाक मारतोस आणि विषय भाजीवर जातो. म्हणून लिहितोय.

आप्पांच्या चाकूचं पाणी उतरलंय, म्हणजे पात्याचा कडकपणा गेलाय.

दचकू नकोस, चाकू हरवलेला नाही, समोर टेबलावर आहे. मी डोळ्यासाठी दवाखान्यात होतो, तेव्हा खिशातून काढून देवघराच्या फळीवर ठेवला होता. धाकट्याचा पोरगा आला होता, त्यानं घरातल्या सुऱ्यांबरोबर हाही धार लावायला बेळगावला नेला. काकाला बरं वाटेल म्हणून, मायेनंच. कुठल्याशा दुकानात विजेच्या चाकावर धरला, तेही कोरड्या. घरी आणला तेव्हा लखलखत होता आणि पोराचं तोंड इतकं फुललेलं, की मी "छान की रे" म्हणून गप्प बसलो.

रात्री दिव्याखाली बघितलं. मधल्यापासून टोकापर्यंत धारेला लागून दोनेक मिलिमीटरची निळी-जांभळी पट्टी. तुला सांगायला नको, पण सांगतोच, कारण इथं ऐकून घेणारं कुणी नाही. पोलादाला पाणी पाजल्यावर, म्हणजे लाल करून एकदम विझवून कडक केल्यावर, ते पुन्हा थोडं तापवतात, २३० अंशांच्या आसपास गवती पिवळा रंग येतो, तिथं थांबायचं असतं. निळं झालं म्हणजे ३०० च्या घरात गेलं. ती उतरण स्प्रिंगला चालते, धारेला नाही. कड पातळ, ती आधी तापते, आणि हाताला चटका बसेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. खात्री करायला कानस घेतली. मुठीकडं पोलाद अजून कडक, तिथं कानस नुसती घसरते; टोकाकडं मऊ पडलंय, तिथं चावते. एक सुपारी कातरून बघितली तर कड वळली.

आता तू म्हणणार, "म्हणून सांगत होतो, स्टेनलेस वापर!" अरे, स्टेनलेससुद्धा त्या चाकावर असंच जळतं. यावरून लोंढ्याच्या फलाटावर आपण किती तावातावानं भांडलो आणि गाडी समोरून सुटली, आठवतं ना? मग दुसरी गाडी येईपर्यंत तुझ्या त्या लाल स्विस चाकूनं फणस कापायला बसलास. चीक स्प्रिंगमध्ये गेला आणि तुझं स्टेनलेस उघडेना की मिटेना! खोबरेल तेल शेवटी माझ्याच पिशवीतून निघालं. माझं साध्या पोलादाचं पातं काळं पडतं हे कबूल, पण कैरी-लिंबानं आलेला तो काळसर रंग गंजाला थोडा आडच येतो, आणि धारेच्या दगडावर चार हात मारले की पुन्हा दाढी करावी असं होतं.

तुझ्या चिंगीनं फ्रान्सहून आणलेला ओपिनेल चाकू एरवी रोज खिशात असतो. १८९० पासून तसाच बनवतात, फक्त पातं अडकवायची ती फिरती कडी १९५५ मध्ये आली. आमच्या पावसात त्याची लाकडी मूठ फुगते आणि पातं बाहेर येत नाही. तू फेकून दे म्हणाला होतास. मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठोकलं की पातं आपोआप पुढं सरकतं, चिंगीला सांग. कोर्टात किंवा सांबऱ्याच्या विमानतळावर जायचं असेल तर घरी ठेवतो, सूनबाईला उगाच घोर नको.

पण आप्पांचा चाकू म्हणजे आप्पांचा चाकू. मराठा पलटणीतून इटलीला गेले तेव्हा मिळालेला, शेफील्डचा, पात्याच्या बुडाशी सरकारी बाणाची खूण आणि १९४२. टोकाचा दाभण आपल्याला लहानपणी शस्त्र वाटायचा. आप्पा त्यानं फक्त बैलाच्या दाव्याची ओली निरगाठ सोडवायचे, नखाला धक्का न लावता. सोडवून झालं की पातं धोतराच्या सोग्याला पुसून, अंगठ्यानं स्प्रिंगचा आवाज न करता मिटायचे. मी अजून तसाच मिटतो. तू कडकन मिटायचास आणि टपली खायचास.

तर दोन वाटा आहेत. नंदगडच्या बाजारात एक लोहार बसतो, हात चांगला आहे. तो म्हणतो, लाल करून तेलात विझवतो, पुन्हा पाणी चढवून देतो. पण त्यासाठी रिबिटं कापून पातं सुटं करावं लागेल. मुठीच्या काळ्या चौकडीच्या पट्ट्या ८० वर्षांच्या, त्या तडकणारच. भट्टीत पात्यावर खवले धरतात, ते घासताना बाण आणि साल पुसट होईल. दुसरी वाट म्हणजे हातानं, पाणी मारत मारत, मऊ झालेली कड दगडावर झिजवायची. कानस घसरायला लागली की खालचं चांगलं पोलाद लागलं. पाऊसभर काम पुरेल आणि पातं थोडं अरुंद होईल. आप्पांनी झिजवलं त्यात आणखी तेवढंच.

माझं मन दुसऱ्या वाटेवर आहे. डोळा आता साथ देतोय आणि घाई कसलीच नाही. पण आप्पांच्या तेराव्याला तू माझ्या हातात ठेवलास म्हणून तो माझा झाला असं मी कधीच धरलं नाही. तुझ्या शब्दाशिवाय दगडाला लावणार नाही. अण्णाला विचारू नकोस, तो म्हणेल, "नवा घ्या की."

तुझं नवं घर लागलं का रे? नातवाची शाळा? वहिनींचा बीपी? सगळं कळव, पण आधी चाकूचं.

गणपतीला येतोयस हे धरून चाललोय. येताना पुण्याहून १००० नंबरचा पाण्यावरचा दगड आण, माझा मध्ये खड्ड्यात गेलाय. पैसे घेणार नसशील तर आणू नकोस.

तुझा,
शिवा

ता. क. दाभण ठीक आहे. त्याला चाक लागलं नाही.