कॉलेजच्या विलीनीकरणाची नोटीस दिवाळीच्या सुट्टीतच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयाच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली. ज्युनिअर क्लार्क म्हणून लागलो, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. ज्या संस्थेचं मीठ खाल्लं तिच्याविषयी पेपरात लिहावं हे मनाला पटत नव्हतं, पण आता गप्प बसवत नाही. ही संस्था बाहेरच्या एका मोठ्या शिक्षणसमूहाच्या ट्रस्टमध्ये विलीन करण्याचं घाटतं आहे, आणि गावाला ते कळलं एका नोटिशीवरून.

नोटीस कुठं लागली, तर ग्रंथालयाच्या जिन्याखालच्या काचेच्या फळ्यावर. एक पानी, इंग्रजीत, खाली सचिवांचा शिक्का. हरकत असल्यास सात दिवसांत, कार्यालयीन वेळेत, लेखी द्यावी. तारीख दिवाळीच्या सुट्टीतली. माझ्या ओळखीचे एक पालक हरकतीचा अर्ज घेऊन गेले तर ऑफिसला कुलूप. शिपाई म्हणाला, ठेवून जा, साहेब आल्यावर देतो. अर्ज बारनिशीला, म्हणजे आवक रजिस्टरला चढला नाही, पोच मिळाली नाही. उद्या संस्था म्हणणार की एकही हरकत आली नाही, आणि कागदोपत्री ते खरंही असणार. ही युक्ती मला नवी नाही. ऑफिसात वर्षं काढलेल्या कुणालाच नाही.

विलीनीकरण वाईटच, असं माझं म्हणणं नाही. कॉलेजची अवस्था मी आतून पाहिली आहे. प्राध्यापक निवृत्त झाले की जागा रिकामी राहते आणि तासिका तत्त्वावरचा पोरगा सेट-नेट होऊन तुटपुंज्या मानधनात वर्ग ओढतो, तेही मानधन वेळेवर नाही. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये विषारी वाफ बाहेर ओढणारं फ्यूम हूड बंद, म्हणून खिडकी उघडून प्रॅक्टिकल चालतं. दहावीला चांगले मार्क पडले की पोरं लातूर, नांदेड गाठतात, मागं उरतात ती ज्यांच्याकडं खोलीभाड्याला पैसे नाहीत ती. मोठ्या ट्रस्टकडं पैसा असेल, इमारत नीट होईल, हॉस्टेलला पाणी येईल. चांगलंच आहे. मग ते गावाला तोंडावर सांगायला काय हरकत होती?

हे कॉलेज चार संचालकांच्या खिशातून उभं राहिलेलं नाही. निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या पोराला विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, तेही उर्दू माध्यमाचं. 1948 ला हैदराबाद मुक्त झालं, 1950 ला औरंगाबादेत मिलिंद आणि नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, 1958 ला मराठवाडा विद्यापीठ आलं. त्यानंतरच्या लाटेत तालुक्यातालुक्यांत लोकांनी वर्गणी काढून कॉलेजं उभी केली, त्यातलंच हे एक. देणग्यांचं रजिस्टर स्टोअररूमच्या लोखंडी कपाटात लाल बासनात बांधून ठेवलेलं असे. ऑडिटच्या वेळी मी ते बरेचदा बाहेर काढलं आहे. शाई पिवळी पडलेली, पण नोंदी वाचता येतात. कुणाची एक पायली ज्वारी. कुणाच्या बैलगाडीनं विटांच्या दोन खेपा, 'बैल स्वतःचे' असा शेरा मारून. मोंढ्यातल्या आडत्यांनी पट्टीतून क्विंटलमागं चार आणे कापून दिलेले. एका पानावर तर नुसते अंगठेच आहेत, समोर 'मजुरी एक दिवसाची'. रक्कम लिहिलेली नाही, बहुधा लिहिणाऱ्यालाच तिचा हिशोब करायला संकोच वाटला असावा.

जमीन गावातल्याच एका शेतकऱ्यानं दिली. बक्षीसपत्रात 'शिक्षणाच्या कामासाठीच' असं स्पष्ट आहे. तेव्हा ती गावाबाहेरची मुरमाड जमीन होती. आज बायपास तिच्या कडेनं जातो आणि समोर शोरूम लागल्या आहेत. नोटिशीत या जमिनीबद्दल एक शब्द नाही. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची किंवा बक्षीस द्यायची तर 1950 च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची तरीही लागते. दोन न्यास एकत्र करायची योजनाही कलम 50अ खाली त्यांच्याचकडं होते. म्हणजे दार एकच आहे. तिथं काय अर्ज गेला, कोणते कागद जोडले, त्याची प्रत गावाला दाखवा एवढंच मागणं आहे.

संस्था म्हणेल, महाविद्यालय विकास समितीपुढं विषय ठेवला होता. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं ही समिती प्रत्येक कॉलेजला दिली, वर्षातून किमान चार बैठका घ्याव्यात असंही सांगितलं. तिच्यात चार स्थानिक माणसं असतात, पण ती नेमतं व्यवस्थापनच. अध्यक्षांनी आपल्याच माणसांना विचारायचं आणि गावाला विचारलं असं लिहायचं, हा कारभार आम्ही प्रोसिडिंग बुकात स्वच्छ अक्षरात लिहून ठेवत होतो.

माझी लेक इंग्लंडमध्ये असते. तिच्या मुलाचं कॉलेज, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारखं, काही वर्षांपूर्वी अकॅडमी ट्रस्टमध्ये, म्हणजे सरकारी पैशावर शाळा चालवणाऱ्या न्यासात, जायला निघालं होतं. 2017 पासून तिकडं अशी कॉलेजं अकॅडमी होऊ लागली. मोठं कारण व्हॅट. कॉलेज म्हणून राहिलं तर खरेदीवरचा व्हॅट परत मिळत नाही, अकॅडमी झालं की मिळतो. हिशोबी कारण आहे, आणि ते त्यांनी पत्रात सरळ लिहिलं होतं. लेकीनं फोनवर वाचून दाखवलं: नोकरांच्या अटी काय राहणार, प्रवेशाचे नियम बदलणार का, विश्वस्त कोण असणार, म्हणणं कुठं पाठवायचं, संध्याकाळची सभा कधी. तिथंही सगळं आलबेल आहे असं नाही. निर्णय आधीच झालेला, सभा नावाला, अशी कुरकुर तिनंही केलीच. आणि तिकडच्या 2016 च्या एका कायद्यानं नापास ठरलेल्या शाळेला तर न विचारताच अकॅडमी करायचं ठरवलं होतं. पण कुरकुर करायला आधी हातात कागद तरी पडावा लागतो. आमच्याकडं तोच नाही.

दिवाळीच्या नोटिशीत आणखी एक मेख आहे. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागातल्या कितीतरी घरांतली माणसं दिवाळी झाली की, काही तर दसऱ्यानंतरच, उचल घेऊन ऊसतोडीला जातात. टोळ्या निघतात त्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, गुढीपाडव्याच्या मागंपुढं परततात. याच घरांतली मुलं आमच्या कॉलेजात आणि हॉस्टेलात असतात. आईबाप फडात, थोरली पोरगी म्हाताऱ्या आजीजवळ, तीच घर बघते आणि तीच बीएच्या दुसऱ्या वर्षाला. फी वाढली तर पहिला दाखला तिचा निघणार. तिच्या बापाला हरकत नोंदवायची तर कोयता ठेवून, मुकादमाला विचारून सात दिवसांत तालुक्याला यायचं?

म्हणून एवढंच सुचवतो. सात दिवसांची ही नोटीस रद्द करावी. प्रस्ताव मराठीत छापून तहसील, पंचायत समिती, एसटी स्टँड आणि जिथून मुलं येतात त्या ग्रामपंचायतींत लावावा. कॉलेजच्या मैदानावर सभा घ्यायची तर पाडव्यानंतर, आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी घ्यावी, म्हणजे बायकांनाही एसटीनं येऊन दिवसाउजेडी परत जाता येईल. आलेल्या प्रत्येक हरकतीला पोच द्यावी आणि उत्तरासकट सगळ्या हरकती धर्मादाय कार्यालयात जोडाव्यात. ते रजिस्टरही सभेत टेबलावर ठेवावं, देणगीदारांचे नातू गावातच आहेत.

आणि उत्तरं पुढच्या प्रवेशाआधी हवीत. अनुदानित तुकड्या अनुदानितच राहणार का? महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कॉलेज यादीत दिसणार का? तासिकेवरच्या पोरांचं थकलेलं मानधन जुनी संस्था देणार की नवी? बायपासकडच्या जागेचं काय ठरलं आहे? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सचिवांनी सहीनिशी लिहून दिलं, तर बाकीच्यांसाठी गाव थोडं थांबायलाही तयार आहे.

आपला,
एक निवृत्त हेडक्लार्क, जि. परभणी
(नाव व पत्ता संपादकांकडे)